उजवी बाजू निळी, डावी गुलाबी

२ जून, सोमवार

ओझरच्या विमान कारखान्यात, रंगखात्यात, माझी उभी हयात गेली. शिफ्ट संपली की दिवसभरात काय झालं ते लिहून ठेवायची तिथं शिस्त होती. माणूस निवृत्त होतो, शिस्त होत नाही. म्हणून आजपासून ही वही.

‘गायखे मोटार ड्रायव्हिंग स्कूल’, अमृतधाम, नाशिक, या माझ्या संस्थेला वर्ष होत आलं. शिकायला येतात ते सगळे बाप्ये. बाई औषधालाही नाही. शिकवायला मात्र एक आहे, तृप्ती. माझ्याएवढी उंच, आवाज माझ्याहून खणखणीत. मी गाडीत असलो की दुसऱ्या ब्रेकवरून पाय काढत नाही अशी तिची तक्रार असते. आता शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक बसवलेला असतो तो काय शोभेला?

आज ज्योत्स्नाताई आल्या होत्या. म्हसरूळकडच्या एका महिला पतसंस्थेच्या अध्यक्ष. त्यांच्या सभासद बायका फुलं-भाजी पिकवतात. टेम्पो दारात उभा असतो आणि पहाटे माल मार्केटला न्यायला ड्रायव्हर शोधत फिरावं लागतं. म्हणून आता बायकांनाच गाडी शिकवायचं त्यांनी ठरवलंय. मोठी बॅच आहे. मिळाली तर स्कूल तरेल. नाही मिळाली तर दिवाळीच्या आत शटर ओढायचं आणि तृप्तीनं दुसरीकडे नोकरी बघायची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

ताईंनी दारावरचा बोर्ड बराच वेळ बघितला. चित्र मीच काढलंय. मिशीवाला गृहस्थ स्टिअरिंगवर, शेजारी गुलाबी साडीतली त्याची बायको लोकांना हात करतेय. ताई म्हणाल्या, “गायखे, तुमच्याकडे बायका का येत नाहीत तेवढं बघा. आठ ऑगस्टला येते, मग ठरवू.”

त्या गेल्याबरोबर मी बघितलं. कारण समोरच उभं होतं. गाडी करड्या रंगाची आहे, आणि करडा हा पुरुषी रंग आहे.

जेवताना छायाला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना, हे सांगितलं. ती म्हणाली, “बाईच पाहिजे ना? मी शिकते की.” मी म्हटलं, “तू शिकून काय करणार? न्यायला-आणायला मी आहे ना.” मग तिनं न विचारता ताटात आणखी एक पोळी वाढली.

५ जून, गुरुवार

दिवसभर मोबाइलवर रंगांच्या मानसशास्त्राचे व्हिडिओ बघितले. जाहिरातवाले, खेळणीवाले, साबणवाले, सगळ्यांचं एकमत आहे. गुलाबी रंग म्हणजे स्त्रिया, निळा म्हणजे पुरुष. गाडी गुलाबी करणे.

रंग म्हणजे नुसती शोभा, असं लोकांना वाटतं. विमानाच्या रंगाला वजन असतं. एक थर जास्त बसला की विमान तेवढं जड होतं आणि ते ओझं आयुष्यभर घेऊन उडतं. हे मी नव्या पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो.

छायानं विचारलं, “कुठल्या बाईला विचारलंत का, कुठला रंग आवडेल म्हणून?” शास्त्र विचारून ठरत नसतं, हे तिला शांतपणे समजावलं. ती सोमवारपासून सकाळी योगवर्गाला जाणार आहे. तपोवनात असतो म्हणे. चांगलं आहे, गुडघ्यांना बरं.

१६ जून, सोमवार

गाडी गुलाबी झाली! आरटीओत रंगबदलाची रीतसर परवानगी काढली, मित्राच्या गॅरेजमध्ये स्वतः प्राइमर मारला, पॉलिश पेपर घासला, रंगाचे हात दिले. कुठे ओघळ नाही, बुडबुडा नाही. बॉनेटमध्ये बघून भांग पाडावा असं काम झालंय.

निमाणी स्टँडपाशी सिग्नलला थांबलो तर शेजारचा रिक्षावाला डोकं बाहेर काढून म्हणाला, “काका, कुल्फी कशी दिली?”

रंगाची दखल घेतली जातेय, हे महत्त्वाचं.

१९ जून, गुरुवार

एक बेशिस्त प्रकार. गाडी रात्री तृप्तीकडे असते, कारण सकाळी लवकरची बॅच ती घेते. आज ताब्यात घेतली तर ड्रायव्हरची सीट पार पुढे ओढलेली. बसलो तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. आरसा खाली वळवलेला, त्यात मला माझ्या शर्टाची बटणं दिसत होती. सगळं पूर्ववत केलं.

तृप्तीला विचारलं, “एवढी उंच तू, सीट इतकी पुढे कशाला घेतेस?” ती म्हणाली, “सकाळी जरा आखडल्यासारखं होतं, काका.” तरुण वयात हे बरं नाही.

२३ जून, सोमवार

पहिली महिला विद्यार्थिनी! अंजली. शाळेत शिक्षिका आहे, मुलाला क्लासला सोडायला गाडी शिकायचीय. गुलाबीचा विजय. मी तिच्यासमोरच तृप्तीला म्हटलं, “बघितलंस? रंग बोलतो.”

सीट पुन्हा पुढे होती. पुन्हा मागे केली.

१ जुलै, मंगळवार

अंजलीनं सोडलं. मी तिला सरळ विचारलं, आमचं काही चुकलं का? ती भली बाई, आधी सांगायला तयार नव्हती. मग म्हणाली, “काका, शिकताना गाडी सगळ्यांचीच बंद पडते. पण ही बंद पडली की अख्खा चौक वळून बघतो. लांबूनच कळतं ना, बाई शिकतेय म्हणून. पोरं मुद्दाम हॉर्न मारतात. एक जण तर ओरडला, ताई, पोळ्या करा. मला कुणी बघायलाच नको होतं हो. साधी गाडी असती तर जमलं असतं.”

मी तिचं म्हणणं नीट ऐकून घेतलं. रंग एक छटा फिका पाहिजे होता.

४ जुलै, शुक्रवार

आता पुरुषही पळाले. ललित म्हणून एक इंजिनिअरिंगचा मुलगा होता, हात चांगला बसला होता त्याचा. तो म्हणाला, “काका, कॉलेज रोडला मित्र भेटतात. या गाडीत मला बघितलं तर नाशिक सोडावं लागेल.” बाकीचे काही न बोलताच यायचे बंद झाले.

म्हणजे आज स्कूलमध्ये बाई एकही नाही आणि पुरुषही एकही नाही. स्त्री-पुरुष समतोल साधला म्हणायचा तो हाच. तृप्तीला हे विनोदानं सांगितलं, तर ती हसली नाही. तिच्या धाकट्या भावाच्या कॉलेजचा खर्च तीच बघते. मलाही चैन पडत नाहीये.

एक किरकोळ नोंद. आमच्या सोफ्यावरची उशी गाडीत ड्रायव्हरच्या सीटवर सापडली. तृप्तीचं आखडणं वाढलेलं दिसतंय. छायानं आपणहून उशी दिली असणार, मन मोठं आहे तिचं.

१० जुलै, गुरुवार

गुरुपौर्णिमा. मला नमस्कार करायला शिष्य उरलेला नाही. तृप्तीनं नारळ दिला, तेवढाच.

छाया मात्र पेढ्यांचा पुडा घेऊन आली आणि तृप्तीच्या हातात देऊन चक्क वाकली. तृप्ती “काकू, काय हे!” म्हणत मागे सरकली. मग दोघी खूप हसल्या. तृप्ती हिची कुठली गुरू? पण बायकांचं आपसांत काय चालतं त्यात मी पडत नाही.

१४ जुलै, सोमवार

उपाय सापडला! रामकुंडावरून परत येत होतो. तसबिरींच्या दुकानात अर्धनारीनटेश्वराची तसबीर टांगलेली. अर्धं अंग शंकराचं, अर्धं पार्वतीचं, मधून सरळ रेष. मी तिथंच थबकलो. आपल्याकडे हा प्रश्न केव्हाच सुटलेला आहे आणि मी मोबाइलवर साबणाच्या जाहिराती बघतोय!

गाडी मधोमध विभागायची. पार्वती डाव्या अंगाला असते, म्हणून डावी बाजू गुलाबी. उजवी निळी. कुणावर अन्याय नको.

२२ जुलै, मंगळवार

काम फत्ते. बॉनेटपासून डिकीपर्यंत मास्किंग टेपची रेघ मारली ती अशी, की विमान उतरावं. माहितीपत्रकही त्याच धर्तीवर केलं. फूटपट्टीनं मोजून निम्मा कागद गुलाबी, निम्मा निळा. आरटीओतल्या कारकुनानं विचारलं, “रंग काय लिहू?” म्हटलं, दोन्ही लिहा. “आधी कुठला?” मी सहज म्हणालो, निळा.

संध्याकाळी छायाला गाडी दाखवली. तिनं शांतपणे एक प्रदक्षिणा घातली. मग विचारलं, “स्टिअरिंग कुठल्या बाजूला असतं हो?”

“उजव्या,” मी म्हटलं.

“आणि बाजूला बसणाऱ्याची सीट?”

“डावीकडे.”

“बरं,” म्हणाली, आणि घरात गेली.

इतकी वर्षं गाडीत बसतेय, आणि स्टिअरिंग कुठं असतं ते विचारतेय. हसू आलं. पण तिला तसं दाखवलं नाही.

२८ जुलै, सोमवार

संमिश्र प्रतिसाद. एकानं विचारलं, अपघातातल्या दोन गाड्या जोडल्यात का? ललित परत आला, पण गल्लीतून येतो आणि उजव्या बाजूनंच चढतो.

डिझाइनचं खरं यश आज बघायला मिळालं. पत्रक वाचून एक जोडपं आलं. मी काही सुचवायच्या आत नवरा निळ्या बाजूला गेला, बायको गुलाबी बाजूला! रंगानुसार आपोआप जागा घेतल्या! कुठं ढकलाढकली नाही, विचारपूस नाही. तपोवनाच्या मैदानात नवरा तासभर गाडी शिकला, बायकोनं त्याची बॅग आणि पाण्याची बाटली सांभाळली. दोघं खूश होऊन गेले. निदान तो तरी.

तृप्तीला म्हटलं, ज्योत्स्नाताईंना हेच उदाहरण सांगायचं. तिनं कपाळाला हात लावला. तिला खूप समाधान वाटलं असावं.

३ ऑगस्ट, रविवार

येत्या शनिवारी राखी पौर्णिमा. छायाचं माहेर सायखेड्याचं. दरवर्षी मीच सोडतो, म्हणजे ज्या वर्षी जमतं त्या वर्षी. मागची दोन वर्षं राहिलं. गेणूनं, तिच्या भावानं, फोन केला होता. मी म्हटलं, “यंदा ताईंच्या भेटीची गडबड आहे. वेळ मिळाला तर सोडीन.”

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नाही मिळाला तरी चालेल.”

समजूतदार आहे. या स्वभावामुळेच आमचा संसार कधी कुरकुरला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

आता संध्याकाळी कुठं अक्षरं दिसायला लागली आहेत. जसं घडलं तसं लिहितो.

आज ज्योत्स्नाताई यायच्या होत्या, दुपारी. सकाळी गंगापूर रोडला माझी डोळ्यांची तपासणी होती. म्हटलं, ती उरकून आरामात पोचू. छाया सोबत होती. डॉक्टरांनी औषध घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि म्हणाले, आता काही तास गाडी चालवायची नाही. मी म्हटलं, हे आधी सांगायला नको? छाया म्हणाली, “काल फोनवर सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही निळ्या बाजूला पॉलिश मारत होतात. ऐकलं नाहीत.”

दुपारी बाहेर आलो तर ऊन डोळ्यांत घुसलं. सगळं पांढरंफटक. गाडी समोर उभी, पण गुलाबी कुठली आणि निळी कुठली तेच कळेना. तृप्तीला फोन लावला, ती ललितच्या घरच्या गाडीतून आरटीओत त्याच्या टेस्टला गेलेली. ताई तर निघाल्याही होत्या. मी चाचपडत सवयीनं उजवीकडचं दार उघडलं.

“तिकडे नाही,” छाया म्हणाली. “तुमची बाजू ती.” आणि माझ्या हातातली किल्ली काढून घेतली.

मी काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. लायसन्स कुठंय, हे मात्र मोठ्यानं विचारलं. तिनं पर्समधून काढून माझ्या नाकासमोर धरलं. मला त्यात नुसता धूसर चौकोन दिसला.

“शिकाऊ?”

“पक्कं.”

“कधी काढलंस?”

“तुम्ही दुसरा रंग निवडत होतात तेव्हा.”

गाडी निघाली. अशोकस्तंभ आला तो आवाजावरून कळला. कुंभमेळ्यासाठी जागोजागी रस्ते खणून ठेवलेत, त्यातून ती हळूहळू काढत होती. माझा पाय अर्थातच दुसऱ्या ब्रेकवर. रविवार कारंजापाशी उजवीकडून काहीतरी मोठं अंगावर आल्यासारखं वाटलं आणि मी दाबला. गाडी गचका खाऊन उभी राहिली. मागून हॉर्नचा नुसता गदारोळ.

“बस होती. मला दिसली होती. पाय काढा,” ती म्हणाली.

“सवय आहे गं.”

“माहितीय मला. काढा.”

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. पाय काढला, पण तो आपणहून परत ब्रेककडे जायला लागला. शेवटी चपला काढल्या आणि सीटवर चक्क मांडी घालून बसलो. पंगतीला बसतात तसा. होळकर पूल ओलांडला, निमाणी गेलं, गाडी एकदाही बंद पडली नाही. आधी मला भयंकर राग आला होता. मग पुढे ओढलेली सीट आठवली, उशी आठवली, योगवर्ग आठवला, पेढे आठवले, आणि लाज वाटली. दोन महिने मी रोज सकाळी तिची सीट मागे ढकलत होतो आणि त्याला शिस्त म्हणत होतो. जून महिन्यात ती माझ्यासमोर बसून ‘मी शिकते’ म्हणाली होती. मी ते या वहीत लिहूनही ठेवलं होतं.

अमृतधामला पोचलो तेव्हा ज्योत्स्नाताई बोर्डाखाली उभ्या होत्या. गाडी त्यांच्यासमोर थांबली. उजव्या बाजूनं छाया उतरली. डाव्या बाजूला मी, काळा चष्मा लावून, मांडी घालून बसलेला. एक चप्पल सीटखाली गेली होती, ती सापडेपर्यंत उतरता येईना.

ताईंनी छायाला विचारलं, “तुम्ही कधी शिकलात?”

“याच गाडीवर. रोज पहाटे, तृप्तीकडून. पहाटे रंगाकडे बघायला कुणी नसतं.”

“आणि यांनी शिकवलं नाही?”

मीच गाडीतून म्हणालो, “तिनं विचारलं होतं, ताई. मी नको म्हटलं.”

रंगसंगतीवर मी भाषण तयार केलं होतं. अर्धनारीनटेश्वरापासून सुरुवात होती. ते तसंच राहिलं. ताई म्हणाल्या, “सोमवारपासून बायका पाठवते. तृप्ती शिकवेल, आणि छायाताई पहिले काही दिवस नुसत्या सोबत बसतील. चालेल ना?”

“आणि रंग?” मी विचारलं.

“तो तुम्ही आधी यांना विचारा,” ताई म्हणाल्या.

तृप्ती त्यानंतर आली. बॅच मिळाल्याचं कळल्यावर ती छायाच्या गळ्यातच पडली. नंतर माझ्याकडे येऊन, “काका, रागावलात का?” मी म्हटलं, “तुझी पाठ बरी आहे ना?” त्यावर ती हसत सुटली ती थांबेना.

९ ऑगस्ट, शनिवार

सायखेड्याला जाऊन आलो. गाडी छायानं चालवली. मी डावीकडे. आडगाव नाक्यापासूनच मांडी घातली होती, उगाच धोका नको.

वाटेत मी अंजलीबद्दल बोललो. विमानात आपण वजनाला एवढं जपायचो आणि त्या पोरीच्या खांद्यावर मी अख्ख्या गाडीचा रंग दिला, असं म्हणालो. छायाचं लक्ष समोर होतं. कांद्याचा ट्रॅक्टर सुरळीत मागे टाकला आणि मग म्हणाली, “फोन करा तिला.” करणार आहे.

“मग रंग कुठला देऊ?” मी विचारलं.

“मला विचारताय?”

“हो.”

ओढा गाव मागे पडलं. चांदोरीच्या वळणावर म्हणाली, “पांढरा. रस्त्यावर सगळ्या असतात तसली. आणि बोर्डावरची ती बाई कधीची हात करत बसलीय, तिला स्टिअरिंगवर बसवा.”

“मिशीवाल्याचं काय करू?”

“बसवा की शेजारी. मांडी घालून.”

गेणूच्या अंगणात गाडी शिरली. तो पंचा खांद्यावर टाकून धावत आला आणि सवयीनं उजवीकडचं दार उघडलं. आत बहीण. तो बघतच राहिला. “आक्का! तू? अन् दाजी नाय आले का?”

“आलेत की. पलीकडं बघ.”

“आता गं! लय भारी काम केलं,” गेणू म्हणाला, आणि हे माझ्याकडे बघून म्हणाला. मी म्हटलं, “माझं काही नाही त्यात. तिला सांग.” मग त्यानं तिला सांगितलं. राखी बांधताना तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण कालच्या औषधाचा परिणाम म्हणून खपून गेलं.

संध्याकाळी घरी पोचलो. उद्या रविवार, म्हणून गाडी आज आमच्याच दारात. गाडीवर कव्हर घालण्याआधी काचा नीट वर आहेत का बघायला ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. गुडघे स्टिअरिंगला टेकले. आरशात शर्टाची बटणं. हात आपसूक सीटखालच्या दांडीकडे गेला.

सोमवारी तिला लवकर निघायचंय. दांडी सोडली, अंग चोरून डावीकडे सरकलो आणि गुलाबी दारानं उतरलो.